‘कळांची सलाईन नको’: प्रसूतीतल्या एका नकाराचं प्रकरण

प्रकरण ठाण्यातलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी ठाण्यात गरोदर बायकांसाठी प्रसूतिपूर्व वर्ग घेते. या प्रकरणातली बाई, तिला वैशाली म्हणू, माझ्या वर्गाला येत होती. प्रसूतीनंतर काही महिन्यांनी ती आणि तिचा नवरा नितीन केस पेपरच्या प्रती घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या डॉक्टर मॅडमशीही माझं सविस्तर बोलणं झालं. लिहायला तिघांची संमती आहे. मतं मात्र माझी आहेत.

हेच प्रकरण निवडलं, कारण यात डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता. नकाराच्या हक्काबद्दल बोलताना आपण बहुतेकदा पैशांसाठी सीझर करणारे डॉक्टर आणि फसलेला पेशंट अशीच गोष्ट सांगतो. तिथे नकार कुणालाही पटतो. इथे प्रसूतीच्या कळा सुरू करणारी सलाईन लावायचा सल्ला शास्त्राला धरून होता, तरी बाईने नाही म्हटलं. अशा वेळी तिचं ‘नाही’ किती टिकतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पार्श्वभूमी

वैशाली बत्तीस वर्षांची. आयटी कंपनीत नोकरी, राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. पहिली मुलगी चार वर्षांची. ती प्रसूती डोंबिवलीला, माहेरच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये झाली. नॉर्मल झाली, बाळ ठणठणीत, त्यामुळे घरच्यांच्या लेखी सगळं उत्तम. वैशालीच्या आठवणीतली प्रसूती वेगळी आहे. सलाईन लावली तेव्हा त्यात काय आहे हे कुणी सांगितलं नाही. थोड्या वेळाने कळा अशा आल्या की मधे श्वास घ्यायला जागा राहिली नाही. शेवटी एक मावशी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी पोट दाबत होती. बाळाला वाट मोकळी व्हावी म्हणून खाली कट घेतला, हे तिला टाके घालताना कळलं. ते टाके पुढे दोन महिने दुखत राहिले, बसून बाळाला पाजता येईना.

यातलं पोट दाबणं आणि सरसकट कट घेणं, दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतिकाळातल्या काळजीच्या शिफारशींमध्ये नको म्हणून सांगितल्या आहेत. कट घ्यायचाच नाही असं तिथे म्हटलेलं नाही, प्रत्येकीला घेऊ नका असं म्हटलं आहे. वैशालीला हे दुसऱ्या गरोदरपणात कळलं आणि तिला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली.

नितीनची भीती निराळी होती, सीझरची. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी दवाखान्यांमधल्या १४.३ टक्के प्रसूती सीझरने झाल्या, खासगीत ४७.४ टक्के. ऑफिसातल्या प्रत्येक दुसऱ्या मित्राकडे सीझरचीच गोष्ट होती. त्यामुळे ‘हॉस्पिटल’ म्हटलं की हा माणूस आधीच सावध व्हायचा, आणि सावधपणाच्या नादात डॉक्टरांनी सांगितलेलं नीट ऐकून घ्यायचा नाही. हे तो स्वतःच कबूल करतो.

यावेळी त्यांनी ठाण्यातल्याच एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नाव घातलं. डॉक्टर मॅडम ऐकून घेणाऱ्या होत्या. छत्तिसाव्या आठवड्यात वैशालीने एका पानावर आपल्या इच्छा मराठीत लिहून नेल्या: कोणतंही औषध देण्याआधी नाव आणि कारण सांगा. आतून तपासण्याआधी विचारा. पोट दाबू नका. कट फक्त गरज पडली तर, आणि मला सांगून. नितीन शेजारी असू दे. मॅडमनी वाचलं, ‘चालेल, यात काही अवघड नाही’ म्हणाल्या आणि पान ओपीडीच्या फाइलला लावलं. रात्री मॅडम नसताना हे कोण वाचणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्याच मनात आला नाही.

त्या रात्री

एकोणचाळीस आठवडे झाले होते. रात्री साडेदहाला घरीच गर्भातलं पाणी गेलं. कळा नव्हत्या. झोपलेल्या मुलीपाशी शेजारच्या काकूंना बसवून वैशाली, नितीन आणि सासूबाई अशी तिघं निघाली. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे तेव्हा रात्रीही गाड्या अडकत होत्या, पोचायला तास लागला.

तपासणीत सगळं ठीक होतं. पाणी स्वच्छ, हिरवट नाही. बाळाचे ठोके चांगले. ताप नाही. बाळाचं डोकं खाली, गर्भाशयाचं तोंड दोन बोटं उघडलेलं. रात्रपाळीच्या आरएमओंनी (हॉस्पिटलमध्ये हजर असणारे निवासी डॉक्टर) मॅडमना फोन केला, मॅडमनी कळा सुरू करायला ऑक्सिटोसिनची सलाईन लावा असं सांगितलं, आरएमओंनी ते फाइलवर लिहिलं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं.

सिस्टर सलाईनची बाटली घेऊन आल्या. वैशालीने विचारलं, “सिस्टर, यात काय आहे?”

“काही नाही ताई, ताकदीचं आहे.”

मी त्या सिस्टरना दोष द्यायला हे लिहीत नाही. लेबर रूममध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. पेशंटने घाबरू नये म्हणून म्हटलं जातं, आणि रात्री दोन-तीन बायका एकाच वेळी कळा देत असताना प्रत्येकीला समजावत बसायला वेळ नसतो हेही खरं. पण वैशालीने पहिल्या वेळी हेच ऐकलं होतं. तिने बाटलीवर चिकटवलेली पट्टी वाचली, तिच्यावर पेनाने औषधाचं नाव लिहिलं होतं. ती म्हणाली, “हे कळांचं आहे. मला आत्ता नकोय.”

सिस्टरनी बाटली तशीच स्टँडला लटकवली आणि आरएमओंना बोलावलं. ते आले, वैशालीकडे एक नजर टाकली आणि नितीनला म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर या.”

पेच

पुढची पंधरा मिनिटं जे झालं ते कॉरिडॉरमध्ये झालं. नितीन, सासूबाई आणि आरएमओ तिथे. जिच्या शरीराबद्दल बोलणं चाललं होतं ती आत, कॉटवर, पोटाला बाळाचे ठोके नोंदवणारा एनएसटीचा पट्टा बांधलेली.

आरएमओ म्हणाले, पाणी जाऊन तास-दीड तास झालाय, जंतुसंसर्ग झाला तर बाळाच्या जिवावर बेतेल, तुम्ही मिस्टर आहात, समजवा त्यांना, नाहीतर डामा करून घेऊन जा. डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. सासूबाई रडकुंडीला आल्या. “अरे, डॉक्टरांना जास्त कळतं का तिला? सही करून टाक.” आणि नितीनच्या तेव्हा लक्षात आलं की सही तर त्याने आधीच केली आहे. खाली काउंटरवर डिपॉझिट भरताना, मेडिक्लेमच्या कार्डाची झेरॉक्स देताना, चार कागदांवर फुल्या दाखवल्या होत्या तिथे तिथे. त्यातल्या एका छापील फॉर्मवर ओळ होती: प्रसूतीदरम्यान आवश्यक वाटल्यास सिझेरियनसह कोणतेही उपचार वा शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. खाली त्याची सही. वैशालीची कुठेच नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला. त्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईकडून बाहेर संमती घेतली गेली आणि तिचं गर्भाशय काढलं गेलं. जिवावर बेतलेली तातडी नव्हती. सज्ञान पेशंट थोड्या वेळाने शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असताना आईची संमती चालत नाही, आणि एका गोष्टीची संमती म्हणजे दुसऱ्या गोष्टीची संमती नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. उपचाराचं स्वरूप, फायदा, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास काय होऊ शकतं, एवढी माहिती दिल्यावरच संमती खरी ठरते. पुढे २०१८ मध्ये कॉमन कॉज प्रकरणात न्यायालयाने असंही नोंदवलं की सज्ञान आणि निर्णयक्षम माणूस उपचार नाकारू शकतो, अगदी त्याने जीव धोक्यात येत असला तरी. नवऱ्याची सही नातेवाईक म्हणून, साक्षीदार म्हणून घ्यायला हरकत नाही. पण बायको शुद्धीवर असताना तिच्या जागी ती चालत नाही. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की ‘मिस्टरांची सही’ हा शब्द लेबर रूमच्या दाराबाहेर रोज ऐकू येतो आणि कुणाला खटकत नाही.

सल्ला किती बरोबर होता

हे आधी सांगायला हवं, नाहीतर पर्यायांचं वजन कळणार नाही. नऊ महिने भरल्यावर कळांशिवाय पाणी गेलं तर कळा सुरू कराव्यात अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा देशांतल्या पाच हजारांहून जास्त बायका होत्या. लगेच ऑक्सिटोसिन दिलेल्या बायकांमध्ये गर्भपिशवीच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण ४ टक्के होतं, थांबलेल्यांमध्ये ८.६ टक्के. बाळांना होणाऱ्या संसर्गात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, सीझरचं प्रमाणही जवळपास सारखंच राहिलं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा दहापैकी साधारण सहा जणींना चोवीस तासांत आपोआप कळा येतात, आणि कळा लगेच सुरू करणं किंवा चोवीस तासांपर्यंत वाट पाहणं हे दोन्ही पर्याय बाईपुढे ठेवावेत.

म्हणजे मॅडमचा सल्ला योग्य होता. वैशालीचं थांबणंही वेडेपणाचं नव्हतं. ‘बाळाच्या जिवावर बेतेल’ हे वाक्य मात्र अतिशयोक्त होतं, आणि ते तिला सांगितलंच गेलं नाही, तिच्या माणसांना सांगितलं गेलं. घाबरलेल्या माणसांकरवी घाबरवणं हा लेबर रूममधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात लागू पडणारा उपाय आहे. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण तो बहुतेकदा चांगल्या हेतूने वापरला जातो आणि त्यामुळे कुणी त्याला नाव ठेवत नाही.

समोरचे पर्याय

सलाईन लगेच लावून घेणं हा पहिला. वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात सरळ. पण ते ‘ताकदीचं आहे’ या उत्तरानंतर, कॉरिडॉरमधल्या दबावाखाली झालं असतं. ऑक्सिटोसिन वाईट औषध नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला त्याने अनेक बायकांचे जीव वाचवले आहेत. कळांसाठी देताना मात्र थेंब मोजून, ठोके बघत, हळूहळू वाढवावं लागतं. वैशालीचा पहिला अनुभव या काळजीशिवायचा होता.

डामा घेऊन बाहेर पडणं हा दुसरा. नितीन काही मिनिटं या विचारात होता, रागाच्या भरात. रात्री बारा वाजता, पाणी गेलेलं, दुसरी खेप (दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या की वेळ कमी लागतो), आणि घोडबंदरचा रस्ता. हा पर्याय खरोखर धोक्याचा होता. आणि मुळात एक उपचार नाकारला म्हणून पेशंटला सगळेच उपचार सोडून जायला सांगणं योग्य नाही. नकार सलाईनला होता, हॉस्पिटलला नव्हता. हे दोन वेगळे आहेत हे त्या क्षणी कॉरिडॉरमध्ये कुणी बोललं नाही.

तिसरा पर्याय दाखल राहून, देखरेखीखाली, ठरावीक वेळेपर्यंत थांबण्याचा. यात संसर्गाचा थोडा वाढीव धोका बाईने जाणून स्वीकारायचा आणि धोक्याची लक्षणं दिसली तर लगेच फेरविचार करायचा. हा पर्याय कुणी मांडला नव्हता. तो पुढे यावा यासाठी कुणीतरी आतल्या बाईशी बोलायला हवं होतं.

सीझरचाही उल्लेख कॉरिडॉरमध्ये झाला, ‘मग उद्या सीझर करावं लागेल’ अशा स्वरात. त्याला तेव्हा काहीच वैद्यकीय कारण नव्हतं.

काय केलं

वळण दिलं ते वैशालीच्या फोनने. आत एकटी असताना तिने मॅडमना थेट मेसेज केला: ‘मॅडम, मला तुमच्याशी बोलायचंय. बाहेर माझ्याबद्दल बोलतायत.’ मॅडमनी फोन केला आणि स्पीकरवर टाकायला लावला. आरएमओ आणि नितीनला आत बोलावलं.

पुढचं बोलणं दहा मिनिटांचं. मॅडमनी आधी विचारलं, नको का वाटतंय? वैशालीने डोंबिवलीची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. मग मॅडमनी आपली बाजू मांडली: लगेच सुरू केलं तर काय, थांबलो तर काय, संसर्ग झालाच तर तो कसा कळतो आणि त्यावर काय करतात. ‘माझा सल्ला सलाईन लावायचाच आहे,’ हेही त्या स्पष्ट म्हणाल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. पेशंटच्या नकाराचा मान ठेवायचा म्हणजे डॉक्टरने आपलं मत गिळायचं असं नाही.

ठरलं ते असं. सकाळी साडेदहापर्यंत, म्हणजे पाणी गेल्यापासून बारा तास, थांबायचं. दर चार तासांनी ताप आणि नाडी, ठोक्यांवर लक्ष. कारणाशिवाय आतून तपासायचं नाही, कारण पाणी गेल्यावर अशा तपासण्या जितक्या जास्त तितका जंतू आत जाण्याचा धोका जास्त. ताप आला, पाणी हिरवं झालं किंवा वास यायला लागला, ठोके बदलले, तर वेळेची वाट न बघता पुन्हा बोलायचं. वैशालीने हे स्वतःच्या अक्षरात केस पेपरवर लिहिलं. सुरुवात अशी: ‘मला ऑक्सिटोसिन का सुचवलं आहे आणि थांबण्यात कोणता धोका आहे हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे.’ खाली तिची सही, नितीनची साक्षीदार म्हणून, आरएमओंची. काउंटरवरच्या फॉर्ममधली सिझेरियनची ओळ मॅडमच्या सांगण्यावरून खोडली आणि शेजारी ‘गरज पडल्यास पेशंटशी बोलून वेगळी संमती’ असं लिहिलं.

सासूबाईंना नितीनने घरी पाठवलं. त्या नाराज होऊनच गेल्या.

पहाटे तीनच्या सुमाराला एक शिकाऊ डॉक्टर आले, हातमोजा चढवला आणि झोपेत असलेल्या वैशालीला ‘फक्त बघतोय’ म्हणत आतून तपासून गेले. ना विचारणं, ना कारण, ना शेजारी सिस्टर. नितीन पाण्याची बाटली आणायला खाली गेला होता. वैशाली काहीच बोलली नाही. नंतर मला म्हणाली, “मी आल्यापासून इतकं बोलले होते की तेव्हा माझ्यात बोलायची ताकदच उरली नव्हती.” गप्प राहणं म्हणजे होकार नाही, हे वर्गात शिकवणं सोपं आहे. लेबर रूममध्ये ते दुसऱ्या बाजूने पाळलं जावं लागतं.

पुढे काय झालं

सकाळी साडेदहाला कळा होत्या, पण विस्कळीत. तोंड तीन बोटं. ताप नाही. मॅडम राउंडला आल्या, कॉटच्या कडेला बसल्या आणि सांगितलं की आता सुरू केलेलं बरं. वैशालीने दोन गोष्टी विचारल्या: उभं राहून फिरता येईल का, आणि कळा फार जवळ आल्या तर बंद कराल का? दोन्हीला होकार मिळाला. तिने सलाईन लावून घेतली. रात्री नाकारलेली तीच सलाईन. याला काही जण ‘शेवटी लावलीच ना’ म्हणतात. मी याला तिचा दुसरा निर्णय म्हणते. नकार देता येतो म्हणून तर होकाराला अर्थ येतो, आणि दोन्ही बदलायची मुभा शेवटपर्यंत तिच्याकडेच असते.

दुपारी पावणेचारला मुलगा झाला. शेवटच्या टप्प्यात सवयीने एका मावशींचा हात पोटावर आला. वैशालीने तो धरला, सिस्टर म्हणाल्या, “मावशी, राहू द्या.” मग बाळाचे ठोके उतरले. मॅडम म्हणाल्या, “वैशाली, ठोके कमी होतायत. पुढच्या कळेला डोकं आलं नाही तर मी कट घेते. चालेल?” ती म्हणाली, “चालेल.” एवढंच. विचारायला लागणारा वेळ किती, याचं उत्तर इथे मिळतं: कळ ओसरून पुढची यायच्या आत मावतो तेवढा. पुढच्या कळेला डोकं आलं, कट लागला नाही. थोडं फाटलं, तिथे जागा बधिर करून टाके घातले.

दुसऱ्या दिवशी वैशालीला ताप आला. अँटिबायोटिक चालू केलं, मुक्काम एक दिवस वाढला. बाळाच्या तपासण्या नॉर्मल आल्या. सासूबाई म्हणाल्या, “म्हणून सांगत होते.” हा ताप थांबल्यामुळे आला, पहाटेच्या त्या तपासणीमुळे आला, की आणखी कशामुळे, हे एका केसवरून कुणीच सांगू शकत नाही. थांबण्यात धोका थोडा जास्त आहे हे वैशालीला माहीत होतं, तिने ते लिहून दिलं होतं. निर्णयाचा त्रासही तिने आपला मानला. तिच्या जागी दुसऱ्या कुणी निर्णय घेतला असता आणि ताप आला असता, तर तो भोगणारीही तीच होती.

केस पेपरमधली ओळ

डिस्चार्जनंतर त्यांनी कागदपत्रांच्या प्रती मागितल्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात, आणि मिळाल्याही. त्यात रात्री पावणेबाराची नोंद होती: ‘पेशंट सहकार्य करत नाही. उपचार नाकारत आहे. नातेवाइकांना धोका समजावला.’

मला या ओळीत सगळं प्रकरण दिसतं. नकार म्हणजे असहकार. आणि धोका समजावायचा तो नातेवाइकांना. उद्या काही वाईट झालं असतं तर डॉक्टरांच्या बचावालाही ही नोंद कामाची नव्हती, कारण पेशंटला माहिती दिल्याचा तिच्यात उल्लेखच नाही. उलट वैशालीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला तो परिच्छेद डॉक्टरांचं जास्त रक्षण करतो. मॅडमना हे पटलं. त्यांनी मूळ नोंद तशीच ठेवून खाली तारखेसह पुरवणी नोंद केली. प्रसूतीच्या संमतीचा फॉर्मही बदलला: आता पेशंटची सही आधी, नातेवाइकाची साक्षीदार म्हणून, आणि ‘नाकारलेला उपचार, दिलेली माहिती, फेरविचाराची वेळ’ असा वेगळा रकाना.

कुठे वेगळं करता आलं असतं

काउंटरवर. पाणी गेलेली बाई व्हीलचेअरवर आणि नवरा पैसे भरायच्या रांगेत, ही संमती घ्यायची वेळ नाही. सीझर, भूल, कळांचं औषध, कट यांबद्दलचं बोलणं छत्तिसाव्या आठवड्यात ओपीडीत व्हायला हवं. वैशालीचं बोलणं झालं होतं, पण ते ओपीडीच्या फाइलमध्ये कपाटात राहिलं. आता मी वर्गात सगळ्यांना सांगते की डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: रात्री तुम्ही नसताना हे कोण वाचेल? पानाच्या दोन प्रती काढा, एक दाखल होताना इनडोअर फाइलच्या वर लावायला सांगा, दुसरी नवऱ्याच्या खिशात.

सलाईनच्या बाटलीपाशी. ‘हे कळा सुरू करायचं औषध आहे, मॅडमनी सांगितलंय, डॉक्टर येऊन समजावतील’ एवढं वाक्य पुरलं असतं. वैशालीला मी विचारलं की रात्री साडेअकरालाच मॅडमनी सांगितलं तसं कुणी सांगितलं असतं तर? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, कदाचित तेव्हाच लावून घेतली असती. खोटं उत्तर मिळाल्यावर तिला औषधापेक्षा माणसांवर अविश्वास वाटला. सल्ला योग्य असूनही तो नाकारला गेला याचं मोठं कारण हेच, असं माझं मत आहे.

कॉरिडॉरमध्ये. नितीनला ‘बाहेर या’ म्हटल्यावर त्याने ‘जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला’ म्हणायला हवं होतं. हे वाक्य मी आता नवऱ्यांकडून वर्गात मोठ्याने म्हणवून घेते. घरातल्या थोरांसमोर आणि पांढऱ्या कोटासमोर ते ऐन वेळी सुचत नाही. सासूबाईंनाही सगळा दोष देऊन चालणार नाही. त्यांना फक्त ‘बाळाच्या जिवावर’ एवढंच कानावर आलं होतं, बाकी माहिती कुणी दिलीच नव्हती. एकदा ओपीडीत त्यांनाही नेलं असतं तर रात्र इतकी जड गेली नसती.

एक गोष्ट मला सारखी टोचते. वैशालीकडे मॅडमचा नंबर होता, औषधाचं नाव वाचता येत होतं, मेडिक्लेम होतं. सरकारी किंवा पालिकेच्या गर्दीच्या लेबर रूममध्ये, एका कॉटवर दोघी असताना, भिवंडीच्या किंवा शहापूरच्या पाड्यावरून आलेल्या बाईने ‘हे नको’ म्हटलं तर? सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीचं माणूस आणि सन्मानाने वागवणं या गोष्टी आहेत. सोबतीचं माणूस जवळ असलं की तिच्या वतीने विचारायला एक तोंड तरी असतं. पण जागा नाही, पडदे नाहीत म्हणून अनेक ठिकाणी सोबतीच्या बाईला दाराबाहेरच बसावं लागतं. तिथे हक्क नेमका याच अडचणीवर अडतो, आणि त्यावर उपाय पडदे लावण्याइतका साधा असू शकतो.

पहाटे तीनची तपासणी हा या प्रकरणातला न सुटलेला भाग आहे. सलाईनच्या नकाराची नोंद झाली, चर्चा झाली, फॉर्म बदलला. या तपासणीबद्दल तोंडी दिलगिरी मिळाली आणि ‘मुलं शिकतायत’ असं स्पष्टीकरण. मला ते पुरेसं वाटत नाही. शिकणाऱ्यांनीच आधी विचारायला शिकलं पाहिजे. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना बाई सोबत असण्याचा हक्क त्या सनदेत आहे. या हॉस्पिटलमध्ये ती सनद लिफ्टशेजारी लावलेली आहे.

वैशालीने या एका मुद्द्यावर हॉस्पिटलच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी अर्ज दिला आहे. मागणी दोनच गोष्टींची: शिकाऊ डॉक्टरांनी पेशंटची परवानगी घेतल्याशिवाय आतून तपासणी करू नये असा लेखी नियम, आणि अशा प्रत्येक तपासणीच्या नोंदीत कारण व परवानगी यांचा रकाना. उत्तर आलं नाही तर पुढचा अर्ज नर्सिंग होमची नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाईल. त्याचा मसुदा नितीनने तयार ठेवला आहे.